मागं मोकळं आहे

आई जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि त्या मंगळवारी सकाळी ती बसवरून माझ्यासमोर आली. बसमधून नव्हे, बसवरून. मागच्या टोकापासून पुढच्या काचेपर्यंत बसच्या अख्ख्या अंगावर तिचा फोटो चिकटवलेला होता. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात दोरखंडाच्या कारखान्यातल्या चाकाचा दांडा, आणि नजर सरळ समोर, म्हणजे माझ्यावर. मधलं दार नेमकं तिच्या गालावर आलं होतं. ते उघडलं, आईच्या गालातून माणसं उतरली, माणसं चढली, एकानं मला 'चढताय का, मावशी?' असंही विचारलं, आणि मी नुसती बघत राहिले. बस गेल्यावर लक्षात आलं की ती माझीच बस होती. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: शहराचा उद्योगवारसा महोत्सव, जुने कारखाने तीन दिवस सर्वांसाठी खुले. आईचं नाव कुठं नव्हतं. बरंच झालं, तिला आवडलं नसतं, असं मनात आलं. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, कशावरून? फोटो म्हटला की केस नीट करायला आरशाकडे पळणारी बाई ती. ह्या फोटोत तिच्या कपाळावर घामानं बटा चिकटल्या होत्या, म्हणजे तो तिला न सांगताच काढलेला होता.

माझं काम तक्रारी ऐकण्याचं. पाणीखात्यात फोनवर बसते. पाणी येत नाही, पाणी गढूळ येतं, पाणी शेजाऱ्याकडे येतं मग माझ्याकडे का येत नाही. दिवसभर 'नोंद घेतली' म्हणायचं. इतकी वर्षं हे ऐकून एक गोष्ट मला पक्की कळली आहे, की माणूस ज्याची तक्रार करतो ते त्याचं खरं दुखणं नसतं. त्या दिवशी एका बाईनं, नळाच्या पाण्याला कसला तरी वास येतो म्हणून, मला बराच वेळ धरून ठेवलं. कसला वास, असं विचारायची आमच्यात पद्धत आहे. मी विचारलं, आणि ती शब्द शोधत असताना माझ्याच नाकात डांबराचा आणि तागाचा वास भरला. बाबा कामावरून यायचे तेव्हा दारातून आधी तो वास आत यायचा आणि मग बाबा. आई जरा मागून यायची, कारण चाकाला तेल देऊनच ती निघायची, आणि तिच्या हातांना त्या तेलाचा वास असायचा. लहानपणी मी डोळे मिटून सांगायची, कोण आलं ते. 'ताई, ऐकताय ना?' फोनवरची बाई म्हणाली. ऐकतेय, म्हटलं, नोंद घेतली. समोरच्या टेबलावरची माझी मैत्रीण मात्र महोत्सवाच्या नादात होती. आमच्याच खात्याचं जुनं पंपघर उघडणार होतं. गॅसचा कारखाना, बर्फाचा कारखाना, काचेची भट्टी, दोरखंडाचा कारखाना, सगळं एकदम. जागोजागी कार्डावर शिक्के मिळणार, आणि सगळे शिक्के जमले की टोपी. 'टोपी घालणारच ते,' मी म्हटलं. ती म्हणाली, 'तुला कशात म्हणून आनंद नाही गं.' खोटं नव्हतं. ह्याच कारखान्यांना कुलपं लागली तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं, आणि आता त्यांच्यावर रंगीत दिवे सोडणार होते. पण माझा राग खरा त्याचाही नव्हता. सोमवार जवळ येत होता.

सोमवारपर्यंत एका वृद्धाश्रमानं बाबांसाठी जागा धरून ठेवली होती. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, ती शोधली होती. जागा वाईट नव्हती. वाईट असती तर मला भांडता आलं असतं. खिडकीबाहेर झाडं, फरशी कोरडी, चोवीस तास माणसं. बाबांना कंपवात आहे. हात थरथरतात ते जगाला दिसतं. पाय चिकटतात ते फक्त घरच्यांना. चालता चालता, आणि दारात तर हमखास, त्यांचे पाय जमिनीला खिळतात, वरचं अंग मागं झुकायला लागतं आणि माणूस आडवा होतोय की काय असं वाटतं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली होती, तुम्ही मागं उभ्या राहत जा, ते मागं पडतात. तेव्हापासून मी मागं. काखेत हात घालून, गुडघ्यानं हळूच ढकलत, पलंगापासून संडासापर्यंत. आणि तिथंही मी आतच, कारण त्यांना सोडलं की ते कलणार. मी मागं असल्यामुळे तोंड दिसत नाही एवढंच बरं, त्यांनाही आणि मलाही. मग माझ्या लक्षात आलं की बाबांनी पाणी पिणंच कमी केलंय. पेला भरलेला तसाच. जायला लागू नये म्हणून. मी पाणीखात्यातली, अख्ख्या शहराला पाणी का येत नाही त्याची उत्तरं देते, आणि माझा बाप घरात तहानलेला बसतो. दादानं डायपर आणले, ते बाबांनी पलंगाखाली सरकवले आणि पुढं जुनी पेटी ओढून ठेवायला मला लावली. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही,' दादा म्हणाला. दोर वळणाऱ्यांच्या घरात ही म्हण जरा जास्तच चालायची. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर खोल पोकळीत वाकून लोखंडी दोर तपासायचे, त्यामुळे कोण कधी खाली पडेल हेच त्याच्या डोक्यात असतं. 'अगं, एक दिवस तू पडशील आणि ते तुझ्यावर पडतील,' तो म्हणाला. 'मग मी कुणाकुणाला उचलू?' मी हो म्हटलं होतं. हो म्हटल्याबरोबर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचा मला इतका संताप आला की दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

आई-बाबांच्या दोरखंडाच्या कारखान्यातली मुख्य जागा म्हणजे एक लांबच लांब शेड. रुंदी एका खोलीएवढी आणि लांबी रस्त्याएवढी; ह्या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसायचा. तिला सगळे गल्ली म्हणत. जाड दोर यंत्रावर वळले जायचे, पण त्यासाठी लागणारं तागाचं सूत शेवटपर्यंत हातानं कातलं जायचं. कातणाऱ्यानं कमरेभोवती विंचरलेला ताग गुंडाळायचा, त्याची एक बट चाकाच्या आकड्याला अडकवायची, आणि चाक फिरायला लागलं की बोटांनी ताग सोडत सोडत मागं चालत जायचं. दिवसभर मागंच. वस्तीतली पोरं त्यांना भुतं म्हणायची, पावलं उलटी म्हणून, आणि आम्ही दोघं भुताची पोरं. चाक फिरवायला बहुतेक बाया असत. बाबांच्या चाकावर आई. कातणाऱ्यानं मान वळवून मागं बघायचं नाही हा तिथला कडक नियम, कारण मान वळली की हात चुकतो आणि सूत कुठं जाड, कुठं बारीक होतं. मग मागचं बघायचं कुणी? चाकावरचीनं. तिला त्याच्या खांद्यावरून सगळी गल्ली दिसायची. डावीकडे खांब, ओलं आहे, भिंत आली. काहीच नसलं तर ती अधूनमधून म्हणायची, 'मागं मोकळं आहे.' तो एक आवाज कानावर पडला की कातणारा निर्धास्त. शाळा सुटली की मी चाकाजवळ पोत्यावर बसून राहायची, आणि बाबा माझ्यापासून लांब लांब जाताना दिसायचे, तोंड मात्र आमच्याकडेच. मला वाटायचं सगळ्यांचेच वडील कामाला असे जातात. आईला ही सवय घरीही लागली होती. बाजारात, जिन्यात, कुणाच्या लग्नात, ती त्यांच्या पुढं दोन पावलं असायची आणि मान वळवून सांगत असायची, पायरी आहे, सायकल येतेय, या. लोक म्हणायचे, नवऱ्याला नाचवते. नाचवत नव्हती, चालवत होती. ती गेली आणि सहा महिन्यांच्या आत बाबांचे पाय चिकटायला लागले. डॉक्टर म्हणाले, आजार आपल्या चालीनं वाढतो, त्याचा आईशी संबंध नाही. नसेल. डॉक्टरांनी आमची आई बघितली नव्हती.

त्याच मंगळवारी संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, 'आज आई दिसली.' बाबांनी मान वर केली. ह्या आजारात चेहरा इस्त्री केल्यासारखा होतो, आत काय चाललंय ते बाहेर येत नाही. मी फोन पुढं केला. दुपारी मी ऑफिसातून खाली जाऊन तसल्याच दुसऱ्या बसचा फोटो काढून आणला होता. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला. हातांबरोबर आई थरथरत होती. फोन डोळ्यांजवळ नेत ते म्हणाले, 'हा कुठं उभा असेल?'

'कोण?'

'फोटो काढणारा.'

'समोर. आणखी कुठं?'

'समोर मी असायचो,' बाबा म्हणाले. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं ते, ओळखायला मला वेळ लागला. 'म्हणजे हा माझ्या मागं होता. आठवतंय मला. तुझी आई ओरडली, मागं माणूस आहे म्हणून. मी म्हटलं, आता कोण कडमडला.'

मी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा बघितलं. मी सकाळपासून समजत होते की ती आमच्याकडे बघतेय, रस्त्यावरच्या सगळ्यांकडे. ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर अलीकडेच कुठंतरी थांबलेली होती, फोटोच्या चौकटीत न आलेल्या एका माणसाच्या तोंडावर, आणि भुवया जराशा वर चढल्या होत्या, आता ओरडणार म्हणून. अख्खं शहर बसथांब्यावर उभं राहून ती नजर झेलत होतं. माझं लग्न झालं होतं, मोडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त माझ्याकडे असं कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. मला आईचा हेवा वाटला. मेलेल्या बाईचा, स्वतःच्या आईचा हेवा करायला मला लाज वाटली नाही. बाबा म्हणाले, 'मला नेशील तिथं?' इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. दादाला फोन केला तर तो आधी नाहीच म्हणाला. गर्दी, पायऱ्या, खाचखळगे, हे कशाला, ते कशाला. मग म्हणाला, 'बरं, नेऊ. सोमवारच्या आधी एकदा...'

शनिवारी दादा गाडी घेऊन आला. चाकाची खुर्ची घडी करून मागं टाकली आणि निघालो. मला वाटलं होतं, असल्या गोष्टींना कोण जातंय. पण रस्ते माणसांनी भरले होते. बर्फाच्या कारखान्याबाहेर आजोबा-नातवंडांची रांग, गॅसच्या कारखान्याच्या पोलादी सांगाड्यावर चढायला रांग, आणि पंपघरापाशी माझी ती मैत्रीण गळ्यात कार्ड अडकवून उभी. तिनं लांबूनच मला कार्ड नाचवून दाखवलं. काचेच्या भट्टीच्या धुराड्यातून कितीतरी वर्षांनी धूर निघत होता, आणि लोक माना वर करून तो बघत होते. ह्याच धुरामुळे एके काळी वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे आणि आया त्याच्या नावानं बोटं मोडायच्या. मी हे बोलून दाखवलं. दादा म्हणाला, 'आज तरी तक्रार नको.' बाबा पुढच्या सीटवर काचेतून बघत होते. एका वळणावर ते म्हणाले, 'डावीकडे घे, दार डावीकडे आहे,' आणि दार डावीकडेच होतं. मला वाटत होतं आपण ह्यांना निरोप द्यायला नेतोय, आणि हे त्यांना कळलंय, आणि कळूनही ते बोलत नाहीयेत.

गल्ली तशीच होती. लहान वाटेल असं वाटलं होतं, मोठं झाल्यावर सगळ्या जागा लहान वाटतात म्हणतात. ही नाही वाटली. पत्र्यातून उजेडाचे पट्टे खाली पडले होते, लांबपर्यंत, आणि वास तोच. मी डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण तेलाचा वासही आला. चाकाला कुणीतरी तेल दिलं होतं. बिल्ला लावलेली एक बाई लोकांना समजावून सांगत होती. समजून-उमजून सांगत होती, पाठ केल्यासारखं नाही. हौशी लोक पाळीपाळीनं कमरेला ताग बांधून मागं चालून बघत होते. चार पावलं झाली की हसायचे, मान वळवायचे आणि सूत तटकन तुटायचं. बाबा खुर्चीत बसून बघत होते. मग त्यांचा हात वर झाला. त्या बाईला वाटलं हात नुसता थरथरतोय, पण बाबा हळू आवाजात म्हणाले, 'दे.' तिनं माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे, दादानं मान हलवली, नाही म्हणून. 'दे की,' बाबा म्हणाले. तिनं खाली बसून त्यांच्या कमरेला ताग गुंडाळला. त्यांनी एक बट ओढली, बोटांत घोळवली, आणि बोटं कामाला लागल्याबरोबर हाताची थरथर थांबली. मी बघतच राहिले. दादाही.

'चाकावर तू,' बाबा मला म्हणाले.

'मला कुठं येतं?'

'पोत्यावर काय झोपा काढायचीस?'

मी दांडा धरला. तो गार होता आणि हाताला गुळगुळीत लागला. त्या बाईनं बट आकड्याला अडकवून दिली. दादानं बाबांना उभं केलं आणि तो, शिकवल्याप्रमाणे, त्यांच्या मागं जाऊन हात पसरून उभा राहिला. मी चाक फिरवलं. पीळ चढायला लागला, आकड्यापासून बाबांच्या बोटांपर्यंत सळसळत गेला, आणि बाबा हलले नाहीत. पाय खिळलेले. अंग मागं झुकलं, दादानं ते छातीवर झेललं आणि पुढं लोटलं. पुन्हा झुकलं, पुन्हा लोटलं. सुताला जागा मिळेना, ते दुमडून त्यात आढ्या पडायला लागल्या. मी मनात म्हणत होते, कशाला आणलं, कशाला आणलं ह्यांना इथं हसं करायला. तेवढ्यात बाबा चिडून म्हणाले, 'मागं कोण आहे?' त्यांचा इतका मोठा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. आणि मला कळलं. डोक्याला नाही, आधी हातांना कळलं, चाकावरच्या. आयुष्यभर ह्या माणसाला चालायचं म्हणजे मागं जायचं होतं. समोर कुणीतरी ओळखीचं उभं राहायचं, आणि पाठीमागं कुणी असायचं नाही. आणि आम्ही काय केलं, तर ते मागं झुकतात म्हणून मागं जाऊन उभे राहिलो. इतके महिने ते निघायला बघत होते आणि आम्ही त्यांच्या वाटेत उभे होतो.

'दादा, बाजूला हो,' मी म्हटलं.

'पडतील ते.'

'हो म्हणते ना बाजूला.'

माझा असा आवाज त्यानं ऐकलेला नव्हता, मीही नव्हता. तो एक पाऊल बाजूला झाला, हात तसेच पसरलेले. बाबांच्या मागं आता काही नव्हतं, नुसती गल्ली. मी म्हटलं, 'मागं मोकळं आहे.' आणि बाबांचा उजवा पाय उचलला गेला. टाच मागं गेली, जमिनीनं ती घेतली, मग डावा. आढ्या सुटल्या. सूत त्यांच्या बोटांतून निघायला लागलं, आणि ते माझ्यापासून दूर जायला लागले. मला धावत त्यांच्याकडे जायचं होतं. पायाच्या नखापासून प्रत्येक शीर म्हणत होती, जा, धर त्यांना. पण मी चाक सोडलं असतं तर पीळ थांबला असता, सूत सुटलं असतं, आणि ज्याच्या आधारानं ते चालले होते तेच गेलं असतं. त्यांना सांभाळायचं तर मला जागचं हलायचं नव्हतं आणि त्यांना लांब जाताना बघत राहायचं होतं. आईनं हे रोज कसं केलं? उजेडाचा एक पट्टा त्यांच्या तोंडावरून गेला, मग सावली, मग पुन्हा उजेड. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, माझ्याकडे कुठले, आईकडे बघतायत. बघू देत. तेवढ्यात ते ओरडले, 'हळू. पळवतेस काय?' आईला असं सांगायची त्यांच्यावर कधी वेळ आली नसणार. म्हणजे ते माझ्याकडेच बघत होते. माझे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता. 'डावीकडे खांब,' मी ओरडले. ते उजवीकडे सरकले, मान न वळवता. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, त्याला त्या बिल्लेवाल्या बाईनं हातानं गप्प केलं.

गल्लीच्या शेवटापर्यंत नाही गेले. अर्ध्यापर्यंतही नाही. 'पुरे,' म्हणाले आणि उभे राहिले, दमलेले, तोंड आमच्याकडे, दोघांच्या मध्ये ते एवढं लांब सूत. दादा खुर्ची घेऊन पळत गेला. परत आल्यावर त्यानं ते सूत चिमटीत धरून हळूहळू ओढून बघितलं, कामावर तो दोर तपासतो तसं. 'एकसारखं नाही,' तो म्हणाला. बाबा म्हणाले, 'चाक वाईट फिरवलं तिनं.' मी म्हटलं, 'हो, सगळं माझ्याच माथी मारा.' आणि आम्ही तिघं तिथं उभ्या-बसल्या हसत सुटलो. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच आम्ही असे एकत्र हसलो असू. पण घरी येताना गाडीत दादा म्हणाला, 'तिथं ठीक आहे गं. घरात काय चाक बसवणार आहेस?' तो चुकीचं बोलत नव्हता. सोमवार काही कुठं गेला नव्हता.

रविवारभर आम्ही घरात तेच मागं चालणं केलं. व्यायामवाल्या मुलीला फोन केला. ती आधी घाबरली, मग म्हणाली, कमरेला पट्टा बांधा, भाऊ बाजूला राहू दे, मागं नको, आणि मंगळवारी मी येतेच बघायला. ताग नव्हता, म्हणून बाबांचा मफलर घेतला. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. ते मागं जाणार आणि मी त्यांच्याकडे बघत पुढं जाणार, असं. पहिल्यांदा ते चपलांच्या कपाटावर आदळले, कारण मी सांगायचं विसरले. 'आंधळी आहेस का?' म्हणाले. दुसऱ्यांदा दारात पाय चिकटले, आणि दादानं सवयीनं मागं धाव घेतली, त्याच्यावर आम्ही दोघं एकदमच खेकसलो. मग पुन्हा. दुपारी ते रागावून झोपून गेले. मला वाटलं, संपलं, कारखान्यातलं कारखान्यात राहिलं, आपण उगाच जीव टाकला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले, आवाज न करता, नळ सोडून. संध्याकाळी ते उठून बसले आणि म्हणाले, 'पाणी दे.' मी पेला दिला. त्यांनी माझ्याकडे बघत तो संपवला आणि रिकामा पुढं केला. 'अजून.' मी नळ सोडला आणि पेला काठोकाठ भरला.

सोमवारी सकाळी दादा लवकर आला, कामाच्या कपड्यांत. आम्ही चहा घेत होतो तेव्हा त्याचा फोन वाजला. वृद्धाश्रमातून होता. दादानं माझ्याकडे बघितलं. तो 'हो, बोलतोय' म्हणत खिडकीपाशी गेला. नेमक्या त्याच वेळी बाबा म्हणाले, 'चल. जायचंय.' पट्टा बांधला, त्यांना उभं केलं. मफलरचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि समोर उभी राहिले. दादा एका कानाला फोन लावून बाजूनं चालायला लागला, पलीकडचं ऐकत, डोळे बाबांच्या पायांवर. 'मागं मोकळं आहे,' मी म्हटलं. टाच गेली. पलंगाचा कोपरा, डावीकडे. भिंत जवळ आहे. आता मोकळं. आता उंबरा, टाच उचला. तिथं ते थांबले. पाय चिकटला. मी मफलर ताणला नाही, सैल सोडला नाही, नुसती त्यांच्याकडे बघत उभी राहिले. त्यांनी टाचेनं उंबरा चाचपला, वर केली, पलीकडे ठेवली. मग दुसरी. ते संडासात पोचले होते, आणि तोंड माझ्याकडे होतं. इतके महिने मी त्यांच्या मागं असायची आणि म्हणून त्यांच्याबरोबर आत जायची, आणि आज आमच्यामध्ये उंबरा होता. मी बाहेर होते. माझी ती सवय, मी एक पाऊल पुढं टाकलं. बाबांनी डाव्या हातानं भिंतीची दांडी पकडली, मफलर माझ्याकडे सोडून दिला, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. 'आता जा,' ते म्हणाले, आणि उजव्या हातानं दार लोटून घेतलं. मग आतून कडी लागली. सावकाश, थरथरत, दोन-तीनदा चुकून, पण लागली.

दादानं फोनवर हात ठेवला. 'आत कोण आहे त्यांच्याबरोबर?' त्यानं विचारलं.

'कुणी नाही,' मी म्हटलं.